दोन बिअर आणि एक केळं

भरे, ता. मुळशी
९ डिसेंबर

ती. आत्या,

नमस्कार घे. तिकडं धरणापलीकडं थंडी मरणाची असेल, जप. आपली गाय व्यायली, कालवड झाली. तुमच्या वाडीत रेंज नाही म्हणून पत्र लिहितेय, असं आईला सांगितलंय.

परवा रविवारी देवळात रक्तदान शिबिर झालं. तुझ्या भावानं, म्हणजे आपल्या दादांनीच भरवलेलं. मला रक्त द्यायचं होतं, पण वजन भरलं बेचाळीस आणि लागतं पंचेचाळीस. म्हणून मला सरबताच्या टेबलावर बसवलं. दादांनी माणच्या शेखरलाही बोलावलं होतं. तोच गं, ज्याच्याशी माझं जवळजवळ ठरलंय. जावई किती निर्व्यसनी, ते गावाला दाखवायचं होतं ना!

डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "काल दारू घेतली होती का?" दादा शेजारीच उभे.

"व्हय. मित्राच्या हळदीत. दोन बिअर."

सगळं देऊळ वळून बघायला लागलं! दादा दातओठ खात म्हणाले, "आरं, न्हाई म्हणायचं!"

"कुणाच्या तरी अंगात जायचंय मामा, खोटं कसं बोलू?"

बाई म्हणाल्या, आज नको, पुढच्या शिबिराला या. दादांनी तिथंच जाहीर केलं, सोयरीक मोडली. आणि तणतणत स्वतः रक्त द्यायला गेले. बाईंनी विचारलं, "जेवलात ना?" तर म्हणे, "भाकरी-कालवण हाणून आलोय."

रक्त देऊन झालं. बाई सांगत होत्या, थोडं पडून राहा, काहीतरी खाऊन मग उठा. आपले दादा कुठले ऐकतात! ताडकन उठले, शेखरला बाहेर काढायला निघाले आणि धाडकन त्याच्याच अंगावर कोसळले. त्यानं अलगद आडवं केलं, पाय उचलून मांडीवर घेतले आणि माझ्याकडं बघून ओरडला, "सरबत आण, लवकर!" आमचं हे पहिलंच बोलणं.

दादांनी डोळे उघडले. बाईंनी सरबताबरोबर बिस्कीट पुढं केलं, तर हे म्हणतात, "बिस्कीट न्हाई चालत, संकष्टी हाय माजी!"

अगं, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता! अख्खा गाव पोट धरून हसला. शेखर तेवढा हसला नाही. त्यानं गपचूप केळं सोलून दादांच्या हातात दिलं.

दादा आता ठणठणीत आहेत. "बेवडा नगं" म्हणतात, पण आवाजात जोर नाही. काल स्वतःच पुटपुटले, "पोरगं घरी नीट पोचलं आसंल ना?" लाजेनं अडलंय सगळं.

आणि मी? सगळ्यांना सांगत सुटलेय, "तुम्ही म्हणाल तसं." आत्या, ते साफ खोटं आहे. मला शेखरच हवाय. सगळ्यांसमोर खरं बोलणारा नवरा मी दुसरा कुठून आणू? दादा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. येत्या रविवारी तुला यावंच लागेल.

न्यायला गाडी घेऊन तोच येतोय. त्याचा नंबर मला कुठून मिळाला, ते मात्र विचारू नकोस.

तुझी, आणि तुझ्या भावाइतकीच हट्टी,
गौतमी