मशेरीची डबी आणि दहाव्याचा कावळा

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसले, कारण तोंडानं हे कुणाला सांगायची लाज वाटते. अक्षर लावून वाच. शाळा दुसरीत सुटली, ते तुला ठाऊकच आहे.

छातीत भरून आलं म्हणून लेकीनं बेळगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं दात बघून विचारलं, "मशेरी लावता?" मी म्हटलं, "निपाणीत जन्मले, मग काय साखर लावू?" ती हसली न्हाय. तंबाखूचं पान जमिनीतनं धातू ओढून घेतं म्हणे, शिसं, कॅडमियम. मशेरीतनं ते रक्तात उतरतात, अंगात साठतात, रक्ताच्या नळ्या खराब करतात आणि सगळा भार काळजावर येतो. मी म्हटलं, "मागल्या बारीला तुम्हीच म्हणला, रक्तात लोखंड कमी हाय. आता धातू जास्त? मी काय भांड्याचं दुकान हाय?"

"लोखंड अंगाला लागतं, मावशी. हे लागत नाहीत." मग तिनं लेकीच्या पोटाकडं बघितलं. "आणि ही मशेरी भाजतं कोण?"

लेकीला सहावा महिना. खाली मान घालून म्हणाली, "मीच."

तिथंच मेल्यागत झालं. मला तुझी चूल दिसली. तू तंबाखूच्या वखारीतनं आलीस, खापरीवर तंबाखू काळा होतोय, मी खोकतेय, आणि तू म्हणतेस, "तोंड फिरव गं, हात थांबवू नगं." मशेरी भाजणं लेकीचं काम, हे मीही तसंच धरलं. तुझं काळीज थकलं तेव्हा दवाखान्यात तू मला एवढंच म्हणालीस, "तू तरी सोड." मी ऐकून सोडून दिलं ते तुझं बोलणं, मशेरी न्हाय. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आपला थोरला अण्णा म्हणाला, धाकट्या भावाचं लगीन मी करतो. शिवेना. मामा वैतागला, "आता काय सोनं मागतीया व्हय ही?" शेवटी मी पुढं होऊन म्हटलं, "आये, मशेरी सोडते." लगेच शिवला. आणि तेराव्याच्या आत मी डबी उघडली.

काल खापरी दगडावर आपटून फोडली. आता लेकीच्या नाकात तो धूर जाणार न्हाय, तेवढं खरं. डबीही तिच्यासमोर घरामागच्या परड्यात ओतली. "आजीची शपथ?" "व्हय, शपथ." पण ओतताना चिमूटभर मुठीत राहिली. राहिली कसली, मी ठेवली. पदराच्या गाठीला हाय. गाठ तिच्या नजरेला पडंल, म्हणून आता पुडी बांधायला हाच कागद घेते.