पावशेराची वडी

२३ नोव्हें. १९५८, पांढरकवडा
धुण्याच्या साबणाची पेटी यवतमाळहून एसटीच्या टपावरून आली. निम्मी आमची, निम्मी शेजारच्या खालाची. सुट्या वडीच्या मानानं रुपयामागे चार आणे सुटले. लांब लाद्या तारेनं कापल्या. प्रत्येक वडी पावशेर, वीस तोळे. गुंजभर फरक नाही. नागपूरला दोन वर्षं कंपाउंडरकी शिकले ती फुकट गेली नाही.
आई : "साबणापायी शेजार धुऊन बसशीन."
वड्या माळ्यावर सुट्या सुट्या रचल्या, हवा खेळावी म्हणून. खालालाही तसंच सांगितलं. कारण सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय.

४ जाने. १९५९
खाला दारात, हातात वडी. कोपऱ्यावरच्या दुकानात तोलून आणलेली. सतरा तोळे.
"काहून वो बेटा, तीन तोळे कुठी गेले?"
म्हटलं, वाळली, पाणी उडालं.
"दूधवाला पाणी घालते, तू उडवते!"
अख्खी आळी हसली. माझ्या वजनावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

५ जाने.
आमची वडीही सतराच भरली. लिहून नेलं. खालानं पाहिलंदेखील नाही. "कागद तुह्याच हातचा."
हे मात्र खरं.

७ जाने.
दुकानातून ताजी, ओली वडी आणली, बरोबर पावशेर. खालाच्या नवऱ्याचे, खालूंचे, गॅरेजमधले तेलकट कपडे एक दिवस या ओल्या वडीनं धुवायचे, एक दिवस आपल्या वाळलेलीनं; आधी कोणती संपते ते पाहायचं. धुणार खाला. मी हात लावणार नाही.

२५ जाने.
दुकानची वडी संपली. शेवटी नुसता लगदा. आपली अजून मूठभर, टणक. खाला आईला म्हणाली, "घट आहे, लवकर झिजत नाही." मला तेवढं पुरे.

१५ फेब्रु.
दुसरी पेटी. बोलावणं धाडलं नव्हतं. खाला आपणहून आली, बाह्या सारून. माझ्या हातातली तार घेतली.
"या खेपेले कापतो मी. तू फक्त तोल."
पहिलीच वडी एकवीस तोळे. तिनं ती आमच्या ढिगात सरकवली. मी तिच्या. तिनं पुन्हा आमच्या. मी उचलून मधे ठेवली. बाकीच्या कापून, तोलून, वाटून झाल्या.
संध्याकाळ झाली. वडी दोन्ही दारांमधल्या ओट्यावर तशीच. वाळते आहे.