फक्त उजवीकडे वळणारी सायकल

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तू दिलेल्या सायकलवर बसायला लागल्यापासून माझे बहुतेक नमस्कार उताणेच होतात, पण भाव तोच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना त्यातून आवाज येतो असं तू लिहिलंस, पण दुखून येतो की नुसताच येतो हे लिहिलं नाहीस, त्यामुळे इथे दोन तट पडले आहेत. आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे आईला खोकला आहे आणि बाबांच्या अंगठ्याला पट्टी आहे, पण पट्टीचं पुढे येईलच.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सायकलला रुंद टायर अगदी चपखल बसले. ते चूक आहे. बसले होते हे खरं, पण तेव्हा त्यांत हवा नव्हती. मी ही गोष्ट तुझ्यापासून लपवली नाही गं, मला ती सांगण्याजोगी वाटली नाही. घरात कोणालाच वाटली नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

तुला बरंचसं ठाऊक आहे, तरी क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला की बाबांचा आवाज कानात येतो. माझ्या पाठीचं झाल्यावर डॉक्टरांनी साध्या सायकलच्या सीटवर बसायला बंदी केली आणि तू तुझी ही आडवी सायकल मला दिलीस. मागे रेलून बसायचं, पाय पुढे करून पायडल मारायचं. बघणाऱ्याला वाटतं की कोणाच्या तरी व्हरांड्यातली आरामखुर्ची माणसासकट पळाली. डांबरी रस्त्यावर ती लोण्यासारखी जाते, खोटं कशाला बोलू? पण येत्या सोमवारी, सोळा तारखेला, आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा नदीपलीकडच्या नव्या इमारतीत जाते आहे, आणि पुलानंतरचा रस्ता म्हणजे नुसती सुटी खडी. तिथे तुझे सुतळीएवढे टायर घेऊन मी एकदा जाऊन पाहिलं. सायकल खडीत रुतून थांबली आणि मी तशीच रेलून बसून राहिले. बाजूने जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "कोणाची वाट बघताय का?"

आणि सायकल जमली नाही तर पर्याय तयार आहे. काका मला गाडीने सोडणार आणि आणणार, रोज, कायमचं. घरात हा ठराव एकमताने पास झाला आहे (माझं मत मोजलेलं नाही). काकांच्या मायेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ते रस्त्यावर गर्दी होईल म्हणून इतक्या लवकर निघतात की कुलूप उघडायला येणाऱ्या माणसाआधी आम्ही पोचतो, वाटेत मला पाण्याचे गुणधर्म विचारतात, आणि पोचल्यावर दारावरच्या शिपायाला सांगतात, "जरा लक्ष असू द्या हो, पोरगी नाजूक आहे." पाठीच्या आजारात हे महिनाभर चाललं. आत्या, माझी सही झाल्याशिवाय अर्ध्या शहराच्या टाकीत पाणी सोडत नाहीत, आणि ती सही करणारी बाई सकाळी काकांच्या हाताला धरून गाडीतून उतरते! शिपाई अजून मला "काय नाजूकताई" म्हणतो. म्हणून सोमवारी मला माझ्या पायांनी जायचं आहे, म्हणजे चाकांनी.

आता टायरचं. तुला आठवतच असेल, दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. जेवणाच्या टेबलाशीच माझी शाळा भरायची: गणिताला बाबा, लिहिण्याला आई आणि उरलेल्या विश्वाला काका. त्या शाळेचा एकच नियम होता. उत्तर तीन माणसांनी वेगवेगळं काढायचं आणि तिन्ही जुळली तरच बरोबर धरायचं. शाळा सुटली तरी नियम काही सुटला नाही. (दार लावलं की नाही हेसुद्धा आमच्याकडे तिघं जाऊन बघतात. शेवटचा जो जातो तो ते उघडं टाकून येतो.) तर नवे टायर त्याच टेबलावर ठेवले आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यात ते मावतील का, हे तिघांनी एकेकट्याने मोजलं. काकांनी तर कोणी कोणाचं बघू नये म्हणून दार लावून घेतलं. बाबांची पोलादी पट्टी, काकांचा सुताराकडून आणलेला गज, आईची शिवणाची टेप. तिन्ही उत्तरं जुळली. असं आमच्याकडे वर्षावर्षात होत नाही, त्यामुळे सगळ्यांना गहिवरून आलं आणि त्या भरात मी तुला पत्र लिहून टाकलं.

तिघांनीही टेबलावर मरगळून पडलेला टायर मोजला होता.

दुसऱ्या दिवशी चाक चढवून पंप मारला. टायर रुसलेल्या पाहुण्याच्या गालासारखा फुगत गेला आणि चिमट्यात गच्च बसला. चाक जागचं हलेना. फट उरली आहे का हे बघायला बाबांनी अंगठा घातला (ही ती पट्टी). अंगठा निघाल्यावर बाबा म्हणाले, "माप बरोबर आहे. टायर चुकलाय." काकांनी विचारलं, "पण हवा भरायला कोणी सांगितलं होतं?" तशी खोकता खोकता आई म्हणाली, "नाही तर काय भरतात भावोजी, कापूस?"

मग मी सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार सायकलभोवती फिरला, खाली वाकून बघितलं आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "ताई, ही अपघातात अशी झाली, की आधीपासूनच अशी आहे?" मी समजावून सांगितलं. त्यावर त्याने तोडगा काढला, की चाकंच थोडी लहान घालू. चाक लहान झालं की चिमट्याच्या वरच्या, अरुंद भागात टायर येणार नाही, खाली जागा भरपूर आहे. ब्रेक चाकाच्या मधोमध डिस्कला आहेत, त्यांना रिमशी देणंघेणं नाही. हे सगळं त्याने इतक्या खात्रीने सांगितलं की मला वाटलं, आडव्या सायकली विकण्यात याची हयात गेली असावी. (त्याने आजवर एकही पाहिली नव्हती. हे नंतर त्यानेच सांगितलं, तेही अभिमानाने.) टायर चेनला लागणार नाही ना, असंही मी विचारलं होतं. "चेनला कशाला लागेल? चेनचं तिकडे काय काम?"

चाकं बसली, फिरली, हवासुद्धा भरली. मी इतक्या वेळा हवेचं विचारलं की दुकानदाराने पंप माझ्याच हातात दिला. दुकानापासून घरापर्यंत सगळी वळणं उजवीकडची आहेत, त्यामुळे मी राजाच्या थाटात घरी आले. सायकल पूर्वीपेक्षा बुटकी झाली आहे, कुत्री आता माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघतात, पण त्याचं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी डावीकडे वळले आणि खालून असा आवाज आला, जसा कोणी पत्र्यावर खडू ओढतंय. या सायकलची चेन लांबलचक असते आणि पुढच्या चाकाच्या उजव्या अंगाने मागे जाते. हँडल डावीकडे वळवलं की चाकाची मागची बाजू उजवीकडे सरकते आणि रुंद टायर चेनवर घासतो. म्हणजे आत्या, चाकं घालून, टायर घालून, अंगठा चेचून आमच्याकडे आता जी सायकल आहे ती फक्त उजवीकडे वळते.

काका म्हणाले यात अडचण काय? डावीकडे जायचं तर तीनदा उजवीकडे वळावं. भूमितीत हे खरं आहे. पण भूमितीत कोपऱ्यावर शिंपी बसलेला नसतो. प्रत्येक डाव्या वळणासाठी मला त्याच्या दुकानावरून चौकाला वेढा घालावा लागतो. पहिल्यांदा त्याने मान वर केली. दुसऱ्यांदा विचारलं, "ताई, काही विसरलं का?" पुढच्या खेपेला मशीन थांबवून तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "बघा, आता परत येतील," आणि मी परत आले. काल त्याने मला पाणी विचारलं. मी घेतलं, काय करणार?

तरी शहरात हे चाललं असतं. पण पूल उतरला की प्रयोगशाळेचा रस्ता डावीकडे वळतो आणि उजवीकडे नदी आहे. तिथे तीनदा उजवीकडे वळायचं तर दुसऱ्या वळणाला पोहता यायला हवं. मी उतरून, सायकलचं तोंड उचलून, डावीकडे ठेवून पुन्हा बसले. पाठ लगेच बोलली.

यावर घरात सभा भरली. बाबांचं उत्तर: टायरची कड कानशीने घासून काढावी. काकांचं उत्तर: गाडी. आईचं उत्तर: ज्याने चाकं विकली त्याला या सायकलवर बसवून पुलावर पाठवावं. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत, तेव्हा नियमाप्रमाणे प्रश्नच चुकीचा ठरला आणि मंडळी झोपायला गेली.

पण मी मोजलं आहे, आत्या. हवा पूर्ण भरून, मी स्वतः सीटवर बसून, हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवून. आई बाहेर गेली होती आणि बाबा-काका एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे मला एकटीला मोजता आलं. मागचा रुंद टायर राहू दे. पुढे फक्त मधल्या रुंदीचा घातला, तर तो चेनला लागत नाही आणि खडीतही तरतं. दुकानात तो टायर टांगलेला आहे, मी पाहिला. एकाच माणसाचं उत्तर आहे आणि ते माणूस मी आहे, यावर अजून विश्वास बसत नाही. इतक्या पाण्यावर सह्या करते, तेव्हा बरा बसतो.

असो. गुडघ्याला जप. पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण खालचं मात्र नक्की वाच.

तुझी भाची,
नाजूकताई

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. तुझ्या भावांना कळलं तर दोघंही दुकानात येतील, तिथे पुन्हा मोजमाप सुरू होईल आणि सोमवारी मी गाडीत असेन. म्हणून रविवारी दुकान उघडायच्या वेळेला तू घरी फोन कर. आमच्याकडे फोन स्पीकरवर लावून सगळ्यांनी भोवती बसायची पद्धत आहे (म्हणूनच हे फोनवर न बोलता लिहिते आहे). गुडघ्याचा विषय काढ. आवाज दुखून येतो की नुसता, हे मी टायर बदलून येईपर्यंत काहीही झालं तरी स्पष्ट करू नकोस.

ता. क. २ : आईने पत्र वाचलं. माझी पत्रं ती अजून शुद्धलेखनासाठी बघते. तिने रागावण्याऐवजी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाली, "रविवारी दुकान बंद असतं, बाळ. बाकी तुझं तू बघ." तेव्हा फोन रविवारी नको. शनिवारी, चौदा तारखेला.