माहेरी वळवलेली एसटी

ता. ४, सोम.
माझा दिगू आज परत टीव्हीत. परिवहन मंत्री झाला तरी बोलतो मास्तरासारखाच. कालेजात इंजिनेरच्या पोरांना रस्ते-पूल शिकवायचा, तसाच बोट वर करून. कुणाच्या शब्दावर एकपण गाडी वळणार नाय, म्हणाला. मी नातीला म्हणलं, सई, तुझ्या बापानं कॉलरचं बटण लावलंच नाय बघ. सगळ्या कॉलनीला पेढे वाटून झाले, तरी परत वाटावेसे वाटतात.

ता. ६, बुध.
माहेरी जाऊन आले, देवळ्याकडं. भावजयीनं, सुमननं, ओटी भरली. नारळ पदरात पडला, मग म्हणती, "आक्का, आता आपल्या गावाला सकाळची एसटी पाहिजे." भरल्या ओटीनं माहेराला नाय कसं म्हणायचं? घरी येऊन डेपोतल्या साहेबाला फोन लावला. मंत्र्याची आई बोलते म्हणलं. पुढं फार बोलावंच लागलं नाय. दिगूला नाय सांगितलं, तो कामात...

ता. १४, गुरु.
गाडी सुरू! बसला हार, ड्रायव्हरला टोपी-उपरणं. दिवसभर फोटोच बघते. आमटीत मीठ दोनदा पडलं.

ता. २०, बुध.
पंचवटीत भाजीला गेले. कोथिंबीरवाली सखू माहेरच्या शेजारच्या वाडीची. म्हणली, आमची गाडी काढून तुमच्या गावाला दिली. तिची नात बारावीला, आता घरीच बसली. "तुमचा लेक टीव्हीत बोलतो एक अन् करतो दुसरं. तुम्हाला नाय हो बोलत ताई."
फोन मी केलेला, बोल मलाच लावायला पाहिजे होता. तशीच पाठ फिरवली. कोथिंबीर तिथंच राहिली.

ता. २२, शुक्र.
माझ्यापायी लेकाचं नाव खराब. दुपारी त्याला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाला, "आई, माझं नाव घेतलंस?"
"घेतलं."
"उद्या गाडी परत वाडीला जाईल. माहेरी तूच सांग. का गेली तेपण सांग."
रागावला असता तर बरं होतं. जेवलीस का विचारलं अन् ठेवला.

सुमनला फोन लावला, तर तीच सुरू. गाडी झाली म्हणून तिच्या नातीचं देवळ्याच्या शाळेत नाव घातलंय, पोर उद्यापासून जाणार, नवा ड्रेस घालून आरशासमोरून हलत नाय. "तुम्ही काय म्हणत होता, आक्का?"
गॅसवर दूध हाय, करते परत, म्हणलं. दूध नव्हतंच.
पोर सकाळी फाट्यावर जाऊन उभी राहील, त्याच्या आत सांगायला पाहिजे. सईला म्हणलं, लाव गं परत. लावते म्हणती. तोवर पहिलं वाक्य इथं लिहून ठेवते: सुमन, दिगूला न विचारता त्याच्या नावावर वाडीची गाडी मी वळवली, उद्या ती परत जाणार...