त्या सकाळची उंची

प्रिय खारुताई,

तू आता तिशीची झालीस, तरी दुसऱ्या नावाने लिहायला हात वळत नाही. गुडघे कुरकुरतात, बाकी मी बरा आहे. हँगरमध्ये अजून जातो. तुझे बाबा उडवायचे तसलंच एक जुनं, छोटं विमान दुरुस्तीला आलंय. परवा त्यात चढून बसलो. जन्मभर मी मोठंच विमान उडवलं, छोट्यात कधी बसलोच नव्हतो. समोर ते लांबलचक नाक, दोन्ही बाजूंना रुंद पंख. खालचं काही म्हणजे काही दिसेना.

अकरा वर्षांपूर्वी त्या हवाई प्रदर्शनाच्या सकाळी उड्डाणाची आखणी माझ्याकडे होती. दोघांनी एकामागून एक वळून प्रेक्षकांसमोरून जायचं, असं मी फळ्यावर काढलं. बाबा म्हणाले, "वळताना तू मला दिसणार नाहीस. आपली उंची वेगळी ठेव." पण उंची वेगळी ठेवली की फोटोत दोन्ही विमानं जवळ येत नाहीत, आणि मला ती जवळ हवी होती. मी म्हणालो, "एवढी वर्षं उडतोयस, अजून भीती वाटते होय?" खोलीतले सगळे हसले. तेही हसले, आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

वळणावर ते वरून माझ्या शेपटीवर आले. माझं विमान कसंबसं टेकलं. त्यांचं नाही.

चौकशीत मला विचारलं, कुणी शंका काढली होती का? मी नाही म्हणालो. त्या खोलीतले बाकीचेही माझ्याकडे बघून गप्प राहिले. मग अहवालात आलं, वैमानिकाला पुढचं विमान दिसलं नाही. लोकांनी त्याचा सोपा अर्थ लावला: वय झालं होतं, नजर गेली होती. मी तो कुठेच खोडला नाही.

काल तुझ्या आईंचा फोन आला. तू विमान उडवायला शिकणं अर्ध्यावर सोडलंस म्हणाल्या, बाबांच्या डोळ्यांचा दोष आपल्यातही उतरला असेल या धास्तीने. खारुताई, त्यांची नजर शेवटपर्यंत माझ्याहून चांगली होती. दोष माझ्या आखणीत होता, आणि तो त्यांनी आधीच दाखवला होता. हेच मी आज चौकशी कार्यालयालाही लिहून पाठवलंय. त्याची प्रत सोबत आहे. आईंना तू सांग, किंवा मला येऊन सांगू दे. बाबांच्या वाढदिवसाला त्या दरवर्षी मला जेवायला बोलावतात. अकरा वर्षं मी गेलो, आणि त्यांनी वाढलेलं खाऊन परत आलो.

तुझाच,
काका म्हणायचीस तो