मंगलाष्टकांची फाईल

अहिल्यानगर,
४ ऑक्टोबर २०२५

चि. मोहिनीराज यास अनेक आशीर्वाद.

दसऱ्याचं सोनं पोस्टाने पाठवता येत नाही, तेव्हा शब्दांवरच भागव. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, म्हणून फोन बंद. तुझी वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता प्रथमच लाभते आहे.

ऑपरेशन चौदा तारखेला. स्वरपेटी काढणार, हे आता नक्की. घाबरलेलो नाही असं सगळ्यांना लिहून दाखवतो. तुला खरं सांगतो, घाबरलो आहे. आधार एवढाच, की ईराच्या लग्नाची मंगलाष्टकं माझ्या आवाजात तुझ्या कॉम्प्युटरवर आहेत. आपल्या घरात प्रत्येक मुलीची मंगलाष्टकं बापानेच रचली आणि बापानेच म्हटली. मार्गशीर्षात मी मुका उभा असेन, पण आवाज माझाच असेल.

एकदा लावून बघ. मध्येच खोकला आला असेल, काही कमीजास्त असेल तर लगेच कळव. गळ्यात अजून आवाज आहे. डॉक्टरांची बोलणी खाईन, पण राहात्याला येऊन पुन्हा म्हणेन. सौ. लीनाला आशीर्वाद, आणि तिच्या नवऱ्याला थोडी अक्कल.

तुझा,
यज्ञेश्वर


राहाता,
८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रेकॉर्डिंग उत्तम आहे. मुळीच काळजी करू नये, आणि या तब्येतीत इकडे यायचं मनातही आणू नये.

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा यथासांग झाली. पंचक्रोशीच्या लग्नपत्रिका त्याच्या पोटात, त्याचा मान मोठा. सध्या मात्र तो जरा कुरकुरतो आहे, त्यामुळे ईराने मागितलेली रेकॉर्डिंगची प्रत एवढ्यात जमणार नाही. तिला समजवावं.

पत्रिकांची गर्दी असल्याने चौदा तारखेला मला येता येईलसं वाटत नाही. रागावू नये. लीना बागेतले पेरू पाठवते आहे, ते निदान वहिनी खातील. धाकट्यावरची माया असू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
मोहिनीराज


राहाता,
५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादांस शि. सा. न.

तुम्ही घरी आलात आणि पातळ जेवण सुरू झालं, हे वहिनींकडून कळलं. मी दवाखान्यात फिरकलो नाही. पत्रिकांची गर्दी वगैरे काही नव्हती.

दादा, रेकॉर्डिंग गेलं. खंडेनवमीला पूजेआधी अवजार स्वच्छ करायची आपली रीत. लीना विळी घासत होती, मी कॉम्प्युटर पुसायला घेतला आणि अतिउत्साहात आतूनही झाडला. जुन्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका काढून टाकताना तुमची फाईलही त्यांच्याबरोबर गेली. वर रिसायकल बिनही रिकामी केली. मग त्याच कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे मला ठाऊक होतं. तरी 'उत्तम आहे' असं लिहिलं. वाटलं, गुपचूप परत मिळवीन, कुणाला कळायचं नाही. गेलेल्या फाईली परत आणणारी सॉफ्टवेअर दिसेल ती उतरवली. शेवटी कॉम्प्युटर उचलून नगरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, की काढून टाकलेली फाईल लगेच जात नाही, तिची जागा फक्त मोकळी समजली जाते. तेव्हाच बंद करून आणला असता तर बहुतेक निघाली असती. मी वरून जे जे उतरवत गेलो, ते तिच्याच जागेवर जाऊन बसलं. लई हात लावला तुमी, एवढंच तो शेवटी बोलला.

दुकान तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रिक्षात तोंडाला रुमाल धरून तुमच्या दारावरून परत गेलो.

पण कॉम्प्युटरचं सोडा. तेव्हा तुमच्या गळ्यात आवाज होता. मी एक ओळ खरी लिहिली असती, तर तुम्ही मंगलाष्टकं पुन्हा म्हटली असती. माझी लाज झाकायला मी तुमचा आवाज जाऊ दिला. याची माफी मागायचीही मला लाज वाटते. लग्नाला यायला मला तोंड नाही. माया ठेवा, असं आज कोणत्या तोंडाने लिहू?

मोहिनीराज


अहिल्यानगर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. मोहिनीराज यास आशीर्वाद. आज लिहायला हात जड जातो आहे, तरी घे.

पत्र वाचून ओरडायला तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. तुझ्यावर ओरडायची एवढी गरज उभ्या जन्मात पडली नव्हती. फाईल काय, कुणाच्याही हातून जाते. पण 'उत्तम आहे' या तुझ्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून मी ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झालो. हे मी लवकर विसरणार नाही.

ईराला सगळं लिहून दाखवलं. ती खूप रडली. मग तिनेच ठरवलं ते कळवतो. तुम्ही दोघांनी लग्नाला यायचं, आणि मंगलाष्टकं तू म्हणायचीस. रेकॉर्डिंगच्या वेळी शेजारी होतास, चाल तुझ्या कानात आहे. शब्द सोबत उतरवून पाठवले आहेत, पाठ कर. आवाज तुझा फाटका, लोक हसतील. हसू देत.

त्या वेळी हातात कागद धरायचा नाही. मी अंतरपाटापाशी तुझ्यासमोर उभा राहून ओठ हलवीन. अडलास की माझ्याकडे बघायचं. त्यासाठी मान वर करावी लागेल.

लोभ आटलेला नाही.

तुझा,
दादा