साहेबांना दिलेले बिनचूक उत्तर

मारेगावाजवळचा तांडा,
ता. ९ जून १९५८

रा. रा. उत्तमसिंग जावईबापू, मुक्काम बाभुळगाव, यांस डोंगरसिंगचा रामराम. सेवाभायाच्या कृपेने इकडे माणसे, गुरे ठीक आहेत. तुमची कंबर, सुखीबाईचा खोकला आणि तांबड्या गाईचे वासरू कसे आहे ते सविस्तर कळवावे. (माझ्या बहिणीच्या खोकल्याआधी जावयाची कंबर विचारावी लागते, हे तिला समजावून सांगा.)

आमच्या शाळेत तिसरीपर्यंतच वर्ग आहेत आणि माझी लाली तिसरी पास होऊन घरी बसली आहे, हे तुम्ही जाणताच. चौथीचा वर्ग मागायचा म्हणून शाळा पाहायला येणाऱ्या साहेबांची आम्ही वाट पाहत होतो. साहेब मद्रासकडचे, त्यांना इंग्रजीच येते. तेव्हा पुतण्या शंकरसिंगने (मॅट्रिकला दोनदा बसलेला) तांड्याचा नाईक म्हणून मला आठ दिवस शिकवले. "काका, 'हाऊ आर यू' म्हटलं का 'गुड' नका म्हणू. 'गुड' म्हंजे माणूस चांगला. कसं चाल्लं ते सांगाले 'वेल' म्हणाचं." मला पटले. मी चांगला आहे की नाही हे देवाने ठरवायचे, आपल्या तोंडाने कशाला? वखर हाकताना मी 'व्हेरी वेल, सर' घोकत राहिलो. आमच्या घरची मानीबाई म्हणाली, "एवढ्यात काय समजन सायबाले? तुमच्या मायचे गुडघे तर राह्यलेच!"

तिचेच खरे झाले. साहेबांनी आल्या आल्या 'हाऊ आर यू' विचारले आणि मी त्यांचा हात हातात घेतला. पण घरात म्हातारी असताना आधी स्वतःची खुशाली सांगणारा माणूस आपल्या तांड्यात कोणी पाहिला आहे? मी मायचे गुडघे सांगितले, मग भावांची घरे, मग बैल, एकेक करून. सोबतचे कारकून वामनराव इंग्रजी करता करता घामाघूम झाले. मग रीतीप्रमाणे मी साहेबांच्या घरचे विचारले. त्यांना चार बहिणी आहेत. (तिसरीचे लग्न जमत नाही. बिचारे त्यावर फार वेळ बोलले.) मी हात सोडला तेव्हा त्यांची निघायची वेळ झाली होती.

जीपमध्ये पाय ठेवताना त्यांनी विचारले, शाळा कशी चालली आहे? वामनरावांनी ते मराठीत सांगितलेही. लाली शाळेच्या दारातच उभी होती. पण निघालेल्या पाहुण्यापुढे घरातली उणीव काढायची नाही, ही आपली रीत. मी म्हणालो, "व्हेरी वेल, सर."

साहेब खूश झाले, त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. वामनराव म्हणाले, "नाईक, जिंकलंत! शाळा उत्तम, काही नको, असं लिहिलंय साहेबांनी." शंकरसिंगच्या मते उत्तर बिनचूक होते. लाली तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

घरातल्या सर्वांना, वयाप्रमाणे, जे ज्याला योग्य ते सांगावे.

तुमचा
डोंगरसिंग

ता. क. जावयाच्या घरी आम्ही पाणीसुद्धा मागून पीत नाही. तेव्हा लालीला चौथीसाठी वर्षभर तुमच्याकडे ठेवून घ्या, असे म्हणणे मला शोभत नाही. म्हणून म्हणत नाही.

आणखी एक. हे पत्र टपालाने आलेले नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ज्या मुलीने ते तुमच्या हातात दिले तिची पेटी बाहेर ओट्यावर राहिली असेल. तेवढी आत घ्यावी.